एअर इंडियाचा इतिहास आणि आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मैदानी खेळांचा काही संबंध लागतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साताऱ्यात एफवायला आहे, ८०० मीटर पळते. घरातलं कुणीतरी म्हणालं, "पूर्वी एअर इंडिया खेळाडूंना नोकऱ्या द्यायची, आता ते दिवस गेले." त्यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

संबंध आहे, आणि त्यासाठी १९४८ सालापासून सुरुवात करायला हवी. जेआरडी टाटांनी १९३२ साली कराची ते मुंबई टपाल आणून जी विमानसेवा सुरू केली, तिचंच नाव पुढे १९४६ ला एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. परदेशी उड्डाणांसाठी काढलेल्या 'एअर इंडिया इंटरनॅशनल' या नव्या कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता. त्याच उन्हाळ्यात लंडनला ऑलिंपिक होतं आणि कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे कुस्ती लढले. त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशांची अडचण. गावाने वर्गणी काढली. ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या पैशांवर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. देशाची विमानं लंडनला जात होती, पण कॉलेजातून तयार झालेल्या पोराला परदेशी पाठवणं हे कुणाचंच काम ठरलेलं नव्हतं. हे आठवलं की मला आजही गलबलून येतं.

१९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, ती सगळी कहाणी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की रेल्वे, पोलीस, बँका यांच्यासारखीच एअर इंडियाही खेळाडूंना पगारावर ठेवायला लागली. हॉकी, कबड्डी, क्रिकेटचे तिचे संघ होते. खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले इंडियन एअरलाइन्सचे, ती कंपनी पुढे एअर इंडियातच विलीन झाली.

मी १९८८ ते ९१ साताऱ्यात कॉलेजला होतो, ८०० आणि १५०० पळायचो. जिमखान्यात स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, एकच जोड होता, तोही आठ नंबरचा. माझा पाय सातचा. पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबून मी सांगलीला इंटर-झोनल, म्हणजे विद्यापीठाच्या विभागांमधली स्पर्धा, पळालो. रात्री पाऊस झालेला, फक्कीचे पट्टे वाहून गेलेले, वळणावर कुणाची लेन कुठली ते कळत नव्हतं. तिसरा आलो.

त्याच वर्षी सुट्टीत मुंबईला काकांकडे गेलो होतो. कलिन्याला एअर इंडियाच्या मैदानावर संध्याकाळी सराव चालायचा, डोक्यावरून विमानं खाली उतरत असायची. मी रोज कुंपणाशी जाऊन उभा राहायचो. एका हॉकीपटूला विचारलं, दिवस कसा असतो? तो म्हणाला, सकाळी मैदान, दुपारी ऑफिस आणि एक तारखेला पगार. आमच्या घरी दोन एकर जिरायत. 'एक तारखेला पगार' हे शब्द मी गावाकडे परत येताना एसटीत मनाशी कितीतरी वेळा म्हटले. खेळावर घर चालू शकतं, हे त्याआधी मला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, ती आता सरकारी कंपनी नाही. म्हणून घरचे म्हणतात ते अर्धंच खरं. वाट बंद झालेली नाही. माणमधल्या मोहीची ललिता बाबर बघा. रेल्वेत नोकरीला असताना तिने २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत दहावी आली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेच्या भरतीत इंटर-युनिव्हर्सिटीचं पदकही धरलं जातं.

मुलीसाठी पायऱ्या अशा: आधी झोनल, मग इंटर-झोनल, तिथून शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवड आणि मग ऑल इंडिया इंटर-युनिव्हर्सिटी. वेळ हातातल्या घड्याळावर न घेता शक्य तिथे इलेक्ट्रॉनिक टायमिंग असलेल्या स्पर्धेत नोंदवा. आणि प्रमाणपत्रांची वेगळी फाइल आजच करा. मी पुढे क्रीडाशिक्षक झालो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारखेत खाडाखोड होती, शिक्का अर्धवट होता. पडताळणीत ते अडकलं आणि भरतीची तारीख निघून गेली. प्रमाणपत्र हातात पडलं की नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष, सही, शिक्का तिथल्या तिथे तपासा. चूक दिसली तर मैदान सोडायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.