गटातले चिनी सहाध्यायी बोलत नाहीत, काय करू?

तुझी अडचण मला समजली ती अशी: मँचेस्टरला एमएस्सी सुरू होऊन महिना झाला, प्रोजेक्टच्या गटात पाचपैकी चौघे चिनी आहेत, मीटिंगमध्ये ते गप्प बसतात, आपापसात चिनी बोलतात, व्हॉट्सॲपवर उत्तर देत नाहीत. त्यांना कामात रस नाही का, असं तू विचारलं आहेस. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं मास्टर्सचे वर्ग घेतो आहे आणि दर सप्टेंबरला हेच बघतो. रस नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक.

व्हॉट्सॲपचं कारण अगदी साधं आहे. चीनमध्ये ते बंद आहे, गूगल आणि यूट्यूबही. या मुलांनी ते इथे आल्यावरच घेतलं असणार. आईवडील, जुने मित्र, खोलीच्या जाहिराती, सगळं त्यांचं वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर असतं. तेव्हा तूच वीचॅट घे. भारतात त्यावर 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे फोनचं ॲप स्टोअर भारताचं असेल तर ते ब्रिटनचं करावं लागेल. नवं खातं उघडताना बऱ्याचदा आधीपासूनच्या वापरकर्त्याने क्यूआर कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो. ते काम गटातल्याच कुणाला सांग, त्या निमित्ताने बोलणंही होईल.

आता गप्प बसण्याबद्दल. ही मुलं गाओकाओ देऊन आलेली असतात. जूनमधल्या या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेसाठी 2024 मध्ये 1 कोटी 34 लाख मुलांनी नावं नोंदवली. बहुतेक प्रांतांत ती 750 गुणांची असते. त्यात इंग्रजी 150 गुणांचं, पण भर वाचन-लेखनावर. म्हणजे शोधनिबंध ती तुझ्याइतकेच नीट वाचतात, चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ मात्र फारशी आलेली नसते. एकदा सेमिनारमध्ये मी प्रश्न विचारून वर्गात फिरत होतो. एका मुलीच्या वहीत समासात पूर्ण उत्तर लिहिलेलं होतं, खाडाखोड करून वाक्य सुधारलेलं. ती हात वर करेपर्यंत दोन भारतीय मुलांनी बोलून विषय पुढे नेला होता. आपली मुलं एकमेकांची वाक्यं तोडत बोलतात आणि आपल्याला ते जिवंत चर्चेचं लक्षण वाटतं. पण त्या चर्चेत दुसऱ्या कुणाला शिरायला फटच राहत नाही. म्हणून अजेंडा आदल्या दिवशी लेखी पाठव, कुणी कशावर बोलायचं ते नावानिशी ठरव, आणि प्रश्न विचारल्यावर खरोखर थांब. ती शांतता तुला जड जाईल, पण उत्तर येतं.

त्यांची खरी चिनी नावं नीट शिकून घे. केविन, सिंडी ही नावं बऱ्याचदा शिक्षकांच्या सोयीसाठी घेतलेली असतात. आपल्याला तर हे सोपं आहे: रोमन लिपीत झेडने सुरू होणाऱ्या आडनावाचा पहिला आवाज आपल्या चमच्यातल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे. (झेडपुढे एच असेल तर वेगळा, तो त्यांनाच विचार.)

ही मुलं आपल्यातच राहतात याचा राग मानू नकोस. चीनच्या विद्यापीठात बहुधा चारही वर्षं एकच तुकडी असते, एका खोलीत चार-सहा जण, आणि तुकडीची काळजी वाहायला नेमलेला एक समुपदेशक-शिक्षक. इथे प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, खोली एकट्याची, आणि काय बिनसलंय हे आपणहून कुणी विचारत नाही. त्यात ब्रिटनचं मास्टर्स जेमतेम वर्षभराचं. जीव रुळेपर्यंत प्रबंध लिहायची वेळ येते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. गटातलं कुणी अचानक यायचं बंद झालं, फोन उचलेना, तर चौकशी कर. आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात तशी फसवणूक परदेशातल्या चिनी विद्यार्थ्यांची सर्रास होते. चिनी पोलीस किंवा दूतावासातून बोलतोय असं सांगून त्यांना घाबरवतात, कुणाशी बोलू नको म्हणतात, आणि घरून पैसे मागवायला लावतात. ऑस्ट्रेलियात तर मुलांना लपून बसायला लावून ‘अपहरण झालं’ म्हणून पालकांकडून खंडणी उकळली गेली आहे. अशा वेळी रोज भेटणाऱ्या सहाध्याय्याने दार ठोठावलं तर फार मोठा फरक पडतो. विद्यापीठाच्या विद्यार्थी-मदत कक्षालाही लगेच कळव.

जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं आणि इथे सुट्टी नसते. डंपलिंग करायला बोलावलं तर नक्की जा. शाकाहारी असशील तर आधी सांग, आणि अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांग, कारण पातीच्या भाजीबरोबर अंड्याचं सारण त्यांच्याकडे नेहमीचं आहे.