आलेख खाली येत होता, तेव्हा

पत्र: मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, संख्याशास्त्र घेतलंय. आता म्हणते, फॅसिझम कसा वाढतो याचं गणिती मॉडेल करायचंय. हे खूळ आहे की यात पोटापाण्याचं काही आहे? – एक पालक, सातारा

सप्रेम नमस्कार.

खूळ नाही. पण आकड्यांची धाव कुठे संपते, हे तिला लवकर कळायला हवं.

जर्मनीचंच घ्या. हिटलरच्या नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, १९३० ला १८.३, जुलै १९३२ ला ३७.३. मधल्या काळात मंदी आली, बेकार साठ लाखांच्या घरात गेले. साथीच्या रोगासारखी चढती रेषा सहज बसते, मॉडेल तयार! पण नोव्हेंबर १९३२ ला मतं ३३.१ वर उतरली, आणि तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. माजी चान्सलर पापेन आणि मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचं मन वळवलं. त्यांना वाटलं, याला आपण मुठीत ठेवू. इटलीतही १९२२ ला राजाने फॅसिस्टांना रोखायला काढलेल्या लष्करी कायद्याच्या हुकमावर सही केली नाही, उलट त्यांचा नेता मुसोलिनी यालाच सरकार बनवायला बोलावणं धाडलं. ही न झालेली सही कुठल्या रकान्यात भरायची?

दुसरा खड्डा बेकारीचा. बेकारांनीच हिटलरला निवडलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बेकार कामगार बरेचसे कम्युनिस्टांकडे वळले होते, आणि कॅथलिक भागांत नाझींना मतं कमी पडली. जिल्ह्याच्या सरासरीवरून माणसाचं मत ओळखायला गेलं की अशी फसगत होते. तिच्या सरांना विचारा, ते या विषयावर तासभर बोलतील.

आता पोटापाण्याचं. ‘फॅसिझमचं मॉडेल करणारे पाहिजेत’ अशी जाहिरात कधी निघायची नाही. म्हणून एम.एस्सी. संख्याशास्त्रातच करू द्या. मतचाचण्या, बँका, विमा, सगळीकडे तेच शिक्षण चालतं. जोडीला जर्मन हवीच, कारण मूळ कागद त्या भाषेत आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनात सोय होईल. पुढे पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं ठरलं, तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते; राहण्या-जेवणाचा खर्च मात्र धरा.

तोवर तिला एक काम सांगा. जुलै १९३२ पर्यंतचेच आकडे घेऊन नोव्हेंबरचा अंदाज काढायचा. किती टक्क्यांनी चुकला आणि का, ते एका पानात लिहून मला पाठवू दे.