वकीलसाहेब तारखेला गेलेच नाहीत, आता काय करू?

प्रश्न : माझा जमिनीच्या हद्दीचा दावा दिवाणी न्यायालयात होता. दोन वर्षं वकीलसाहेब फोनवर ‘पुढची तारीख पडली, तुम्ही यायची गरज नाही’ एवढंच सांगत होते. मुलाने परवा मोबाइलवर पाहिलं, तर दावा चौदा महिन्यांपूर्वीच काढून टाकलेला. आता ते म्हणतात, राहिलेली फी द्या, मग फाइल न्या. ग्राहक आयोगात जाऊ का? त्यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाईल का?

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. पण सनदीचा विचार चार दिवस बाजूला ठेवा, आधी दावा वाचवायचा आहे. गैरहजेरीमुळे काढलेला दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घ्यायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. ती मुदत टळली आहे, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. उद्याच नवा वकील गाठा आणि रोजनाम्याची (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीची) सही-शिक्क्याची नक्कल काढा. ‘वादी व वकील पुकारता गैरहजर’ ही ओळ कोणत्या तारखेला पडली, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात सांगितलं आहे. मात्र तुम्ही स्वतः चौकशी करत होतात, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

मी ज्युनिअर असताना ऑफिसात एक आजी आल्या होत्या. कमरेच्या पिशवीत वकिलाच्या हातच्या तारखांच्या चिठ्ठ्या, एकीवर एक घडी घातलेल्या. त्यातल्या तीन चिठ्ठ्यांवरच्या तारखा दावा काढून टाकल्यानंतरच्या होत्या! आमच्या सीनियरांनी त्या अर्जाला जोडल्या आणि विलंब माफ झाला. तुमच्याकडे चिठ्ठ्या नसतील, पण फोनवर मेसेज असतील. एकही पुसू नका.

फाइलचं म्हणाल, तर फीसाठी ती अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हे स्पष्ट केलं. फाइल न देणं हेच गैरवर्तन ठरतं. फीचा वाद असेल तर तो त्यांनी वेगळा मांडावा. तुम्ही स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा आणि पोचपावती जपा.

ग्राहक आयोगाची वाट आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ मे २०२४ रोजी लागला. मला तो पटलेला नाही, तुमच्यासारख्यांचा एक सोपा दरवाजा त्याने मिटला. उरते ती अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खालची तक्रार. ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे करायची, मराठीत चालते, फक्त खाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी निवेदन हवं. प्रकरणात तथ्य दिसलं तर ते तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव वकिलांच्या पटावरून काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

आता एक कडू गोष्ट. एखादी तारीख चुकली, अंदाज चुकला, एवढ्यावर गैरवर्तन सिद्ध होत नाही. निव्वळ निष्काळजीपणाला कोर्टांनी बऱ्याचदा सोडून दिलंय. तुमचं प्रकरण वजनदार आहे ते खोट्यामुळे. दावा निघालाय हे लपवलं, खोट्या तारखा सांगितल्या, वर फाइल अडवली. म्हणून तक्रारीत ‘लक्ष दिलं नाही’ यावर पानं भरू नका. अमुक तारखेला दावा निघाला, त्यानंतर अमुक दिवशी त्यांनी मला असं सांगितलं, हा त्याचा मेसेज, अशी ओळीला ओळ लावा.

आणि तक्रार दिल्यावर तुमचे जुने वकील मिटवायला घरी येतील. फाइल आणि हिशोब जरूर घ्या. पण तुम्ही तक्रार मागे घेतली एवढ्याच कारणाने कौन्सिलला प्रकरण बंद करता येत नाही, तेव्हा कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो नव्या वकिलांना दाखवा.