चावी खुंटीला, आपण हंपीला

प्रश्न : माझं वय ६९, बँकेतून निवृत्त. चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवली. ताम्हिणीतली वळणं अजून पाठ आहेत. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसा काही त्रास नाही, पण रात्री समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांत पसरतो. मुलाने बजावलंय, ‘बाबा, लांबवर गाडी काढायची नाही.’ सौ.ला विजापूर, बदामी, हंपी बघायचंय. ग्रुप टूर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. शिट्टी वाजली की उतरा, शिट्टी वाजली की चढा. मेंढरं हाकल्यासारखं. दुसरा मार्ग सुचवा. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : शिट्टीचं कबूल. माझ्याकडेही होती, पितळेची. बावीस वर्षं सहली नेल्या तेव्हा गळ्यात असायची. आता ती नातवाच्या ताब्यात आहे आणि सोसायटीतले लोक मला शिव्या घालतात.

तुमचं दुखणं मला कळलं असं वाटतं. स्वतः गाडी चालवणाऱ्याला मजा येते ती मनात आलं की थांबता येतं याची. भिगवणपाशी पाणी दिसलं, घेतली कडेला. चहाची टपरी बरी वाटली, लावला ब्रेक. स्टेअरिंग दुसऱ्याकडे गेलं की हे सगळं जातं. त्यामुळे ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलात की ‘काय काय दाखवणार?’ हे विचारण्यात वेळ घालवू नका, ते त्याच्या रंगीत कागदावर असतंच. ‘कुठे किती वेळ थांबणार?’ एवढंच विचारा आणि उत्तर देताना तो किती चाचरतो ते बघा.

तुम्हा दोघांना सोपं म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी. नंबर प्लेट पिवळी हवी, त्यावर काळी अक्षरं. ओळखीतल्या कोणाच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीत स्वस्तात जाऊ नका; भाड्याने नेलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना नाकी नऊ येतात. भाडं किलोमीटरवर ठरतं, पण रोजचं किमान अंतर धरलेलं असतं, कोणी २५० धरतो, कोणी ३००. सात दिवसांसाठी ३०० धरले तर २१०० किलोमीटरचे पैसे झाले. तुमची गाडी पुणे, विजापूर, बदामी, हंपीजवळचं होस्पेट करून परत येईपर्यंत धावेल साधारण १४०० किलोमीटर. बाकीचे सातशे तुम्ही बदामीच्या तळ्याकाठी बसण्याचे दिलेत असं समजा. शिवाय टोल, पार्किंग, लागत असेल तर कर्नाटकचा परमिट टॅक्स आणि ड्रायव्हरचा भत्ता. आकडा तोंडी ऐकून घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

सात दिवस मी मुद्दाम म्हटलं. पाच रात्री सहा दिवसांचे जे कागद हिंडत असतात त्यात शेवटच्या दिवशी लिहिलेलं असतं, ‘नाश्ता करून पुण्याकडे प्रस्थान’. होस्पेट ते पुणे साडेपाचशेच्या वर किलोमीटर. जेवण, चहा, वाहतूक धरली तर बारा तास कुठेच गेले नाहीत. मोटार वाहतूक कामगारांच्या कामाला कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली आहे. तुम्ही बँकेत होतात, आठ तासांनंतर आकडे कसे दिसायला लागतात ते तुम्हाला सांगायला नको. परतीला सोलापूर किंवा कोल्हापूरला रात्र काढा. आणि ड्रायव्हर झोपणार कुठे, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. गाडीतच झोपतो म्हणाला तर त्याच्या खोलीचे पैसे तुम्ही द्या. त्यात दानधर्म नाही, दुसऱ्या दिवशी तुमचाच जीव त्याच्या हातात असतो.

आणखी एक करता येईल. रेल्वेने सोलापूर गाठायचं आणि गाडी तिथून ठरवायची. विजापूर तिथून शंभरेक किलोमीटर. (एसटीचं ६५ वर्षांनंतरचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं. विजापूरला अर्ध्या तिकिटात जाऊ, असा बेत असेल तर तो सोडा.)

आता थांबायचं कुठे. गोल घुमट सकाळी लवकर बघा. १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. वरच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलं तर पलीकडे ऐकू येतं म्हणतात, पण शाळेच्या सहली आल्या की तिथे कुजबुजणारा कोणी उरत नाही, नुसता कल्लोळ. वर जायला कोपऱ्याच्या मनोऱ्यातून सात मजल्यांचा अरुंद जिना आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खाली बसा, घुमट खालूनही तेवढाच मोठा आहे.

बदामीला दोन रात्री हव्यातच. चार लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. लोक दुसऱ्या लेण्यापर्यंत चढून धापा टाकतात आणि तिसऱ्यात फोटो काढून उतरतात. तुम्ही उलटं करा. सरळ तिसऱ्यात जा, तिथे अर्धा तास बसा, बाकीची उतरताना बघा. हातात केळी ठेवू नका, माकडं हिशोबात पक्की आहेत.

बदामीजवळच्या ऐहोळेला बस थांबते ती दुर्ग मंदिरापाशी, आणि पाऊण तासाने निघते. टेकडीवरच्या मेगुती या जैन मंदिरापर्यंत फारसं कोणी जात नाही. पुण्याच्या माणसाने मात्र जावं. तिथे रविकीर्तीचा ६३४ सालचा संस्कृत शिलालेख आहे, दुसऱ्या पुलकेशीचा पराक्रम सांगणारा. त्यात तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली ९९ हजार गावं, असा उल्लेख येतो. आपलं नाव एवढ्या लांब, कर्नाटकातल्या एका उघड्या टेकडीवर कोरलेलं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लेखावरचं एक अक्षर कळलं नाही, तरी हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही, पहारेकरी होता.

हंपीला दोन पूर्ण दिवस. विठ्ठल मंदिरापाशी गाड्या लांब थांबवतात, तिथून सुमारे किलोमीटरभर बॅटरीवरच्या गाड्यांनी नेतात. जाताना रांग, येताना त्याहून मोठी रांग. त्यामुळे दारं उघडायच्या सुमारास पोचा. पन्नासच्या नव्या नोटेवरचा दगडी रथ तो हाच. सगळे रथापाशीच घोटाळतात. तुम्ही आत गाभाऱ्यापर्यंत जा. गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा इकडे आणला होता आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं आपली परंपरा सांगते. सहलीतल्या बायका त्या रिकाम्या चौथऱ्यापुढे हात जोडत तेव्हा मी शिट्टी खिशात घालत असे.

शुक्रवारी हंपीजवळचं कमलापूर, बदामी आणि ऐहोळे इथली पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं बंद असतात, तेवढं वार बघून ठरवा.

इथवर लिहून झालं होतं आणि पाकीट टाकून देणार, तर आत आणखी एक चिठ्ठी सापडली. वाणसामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात :

‘ताई, यांना कळू न देता लिहितेय. मला गाडीने दोघंच नको. घरीही आम्ही दोघंच असतो. चार माणसं असली की बरं वाटतं. आणि हे ड्रायव्हरशेजारी बसले की सात दिवस त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहतील. — सौ.’

काकू, आता कळायचं ते कळलंच आहे, आपल्या मासिकाचा अंक तुमच्या घरी येतो. पण चिठ्ठीने माझं उत्तर फिरलं. काका, ग्रुपबरोबर जा.

मात्र पंचेचाळीस सीटच्या बसने नको. बारा-सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर नेणारे पुण्यात पुष्कळ आहेत. पंचेचाळीस माणसं स्वच्छतागृहाला जाऊन यायला अर्धा-पाऊण तास लागतो, पंधरा माणसांना दहा मिनिटं. दिवसाला चार थांबे धरले तर दोन तास इथेच वाचतात. ज्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे ते प्रवासात ती परस्पर बंद करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तसं करू नका, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या आणि पहिल्या दिवशीच टूर मॅनेजरला सांगा की मला दोन तासांनी थांबावं लागेल. लाजून सांगत नाही तोच माणूस सोलापूरच्या अलीकडे रडकुंडीला येतो.

टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे, हेही लक्षात असू द्या. तो खोल्या, जेवणं, तिकिटं बघतो. बदामीला आणि हंपीला परवानाधारक स्थानिक गाइड धरलाय का, कोणत्या भाषेत बोलणार, त्याचे पैसे आत की वर, हे विचारा. तिकिटांचं तेच, जीएसटीचंही तेच. आणि ‘रात्रीचा प्रवास’ हे दोन शब्द कागदावर कुठे दिसले तर ती सहल सोडा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे त्यांचे वाचतात, दुसरा दिवस तुमचा पेंगण्यात जातो.

माणसांची मोजणी कशी करता, हेही विचारून बघा. हसू नका. एकदा इंदापूरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, हायवेवरच्या त्या मोठ्या हॉटेलात, जिथे एका वेळी वीस-पंचवीस पांढऱ्या बस उभ्या असतात. चढल्यावर मी डोकी मोजली. छत्तीस. बरोबर. निघालो. टेंभुर्णी गेल्यावर मागच्या सीटवरचे आजोबा जागे झाले आणि म्हणाले, ‘तुळजापूर आलं का?’ आमची बस चालली होती विजापूरला. ते दुसऱ्याच बसमधले होते, आणि आमच्या एक मावशी त्यांच्या बसमध्ये शाल पांघरून झोपल्या होत्या. दोन्हीकडे हिशोब जुळला होता! मोबाइल तेव्हा सगळ्यांकडे नव्हते. सोलापूरच्या स्टँडवर आजोबा देऊन मावशी घेतल्या. मावशी म्हणाल्या, ‘त्या बसमध्ये सीट जास्त मऊ होत्या.’ त्या दिवसापासून मी डोकी मोजणं सोडलं. ‘आपल्या शेजारचं माणूस शेजारी आहे का?’ एवढंच विचारायचे. आणि आमच्या बसच्या आरशाला भगवा रुमाल बांधायचे. तुम्ही गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे हातावर लिहा, फार नाही.

काकू, तुमच्यासाठी एक. बदामीजवळ बनशंकरी आहे, पुण्यातल्या कित्येकांची कुलदेवता. पौषात जत्रा असते, तेव्हाची सहल असेल तर देवळात शिरायलाच वेळ जातो. एरवी सहलीत तिथे अर्धा तास लिहिलेला असतो. तो तासाभराचा करून मागा, लेखी. देवळाच्या बाहेर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. ज्वारीची पातळ, कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी, मटक्यातलं दही. टोपलीवरचं फडकं बाजूला केलं की आधी भाकरीचा वास येतो, मग तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसतात. कन्नड येत नसलं तरी अडत नाही, तुमच्याकडे बघून ती चटणी किती घालायची ते ठरवते. हॉटेलचा कॉम्प्लिमेंटरी नाश्ता त्या सकाळी सोडून द्या.

राहिला पुढच्या सीटचा प्रश्न. चांगले टूरवाले रोज सीट फिरवतात, त्यामुळे एक दिवस तरी काका पुढे येणारच. तो दिवस ऐहोळे-पट्टदकलचा मागून घ्या, त्या दिवशी अंतरं कमी आहेत. बाकीचे दिवस त्यांना मागून दुसरी रांग, खिडकी. तिथून ना गिअर दिसत, ना ड्रायव्हरचा आरसा. घाईने कोणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेकवर जाईलच, तो मात्र तुमच्या पायाखालच्या पिशवीवर पडेल. लाडू वरच्या रॅकवर ठेवा.