चर्चच्या हॉलातली मीटिंग मला चालेल का?

प्रश्न : ताई, मी माशेलचा, वय ४१, कुंडईच्या कारखान्यात फिटर आहे. रोज संध्याकाळी दारू लागते. मध्यंतरी स्वतःहून सोडली, तर दुसऱ्या दिवशी हात इतके कापले की चहाचा कप धरता येईना, म्हणून पुन्हा घेतली. मित्र म्हणतो, चर्चच्या हॉलात एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेची मीटिंग असते, तिथे जा. मी हिंदू, इंग्रजी बेताचं. गावातल्या कुणी पाहिलं तर? शिवाय गणपतीची चवथ तोंडावर आली आहे. मी आरत्यांना घुमट हे वाद्य वाजवतो आणि तिथेच सगळं बिघडतं. बायकोचा आता माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

उत्तर : भाऊ, आधी त्या थरथरीचं बोलू, मीटिंगचं मागाहून. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात कापणं, घाम, उलट्या, झोप उडणं हे पहिल्याच दिवशी सुरू होतं. काहींना आकडी येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात, आपण कुठे आहोत हेही कळत नाही, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. वॉर्डात समाजसेविका म्हणून काम करताना मी एक धडधाकट माणूस पाहिला होता. चादरीवरच्या मुंग्या तो एकेक करून झटकत होता आणि चादर स्वच्छ होती. म्हणून सांगते, खोलीत कोंडून घेऊन सोडायचा हट्ट पुन्हा करू नका.

बांबोळीला गोमेकॉजवळ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळ, मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, तिथल्या ओपीडीत जा. बायको येत असेल तर तिलाही न्या. रोज किती पिता, शेवटची कधी घेतली, मागच्या वेळी काय झालं, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. लाजेने आकडा निम्म्यावर आणणारे पुष्कळ असतात, पण गोळ्यांचा डोस त्या आकड्यावरच ठरतो. बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते कमी पडलेलं असतं आणि त्याची कमतरता मेंदूला बाधते.

आता मीटिंग. चर्चचा किंवा शाळेचा हॉल घेतात तो जागेची सोय म्हणून. एए कुठल्याच धर्माची नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात कामानिमित्त आलेल्या एका शेअर दलालाला पिण्याची जबर इच्छा झाली. तेव्हा त्याने आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला आणि त्याच्याशी बोलत बसला. तो दुसरा एक सर्जन होता. त्या दोघांपासून एए सुरू झाली आणि आजही मीटिंगमध्ये मुख्य काम तेच चालतं. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव येतो, पण ज्याला जसा उमगला तसा. तुमचा देवकीकृष्ण तिथे खुशाल चालेल.

आत गेल्यावर काय होतं? खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुधा चहा असतो. कुणी आडनाव विचारत नाही. एकेक जण नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. फी नाही. शेवटी वर्गणीसाठी पिशवी फिरते, तिच्यात काही टाकलं नाही तरी चालतं. पिणं थांबवायची इच्छा असली की प्रवेशाला तेवढं पुरतं.

गावातल्यांची धास्ती मी समजू शकते. गोव्यात सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. मग माशेलच्या आसपास जाऊच नका, पणजीची किंवा म्हापशाची मीटिंग धरा. फक्त परतीची बस आधी बघून ठेवा, कारण शेवटची बस चुकेल ही सबब मी फार ऐकली आहे. एएच्या संकेतस्थळावर गोव्याचा हेल्पलाइन क्रमांक मिळेल. फोनवर चार गोष्टी विचारा : वार, वेळ, भाषा आणि नवख्याला चालेल का. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी पुन्हा एक फोन करा. भाषेचं दडपण नको. कोकणीत चालणारी मीटिंग मागा, ती तुमच्या घरचीच भाषा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही आहे.

पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गटात जा. गटागटाचा स्वभाव निराळा असतो. एखाद्या जुन्या सभासदाचा फोन नंबर मात्र मागून घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण तुम्हाला चवथीत तो लागणार आहे.

घुमट सोडू नका. पण आरतीनंतर अंगणापलीकडे, कुणाच्या तरी गाडीपाशी जी बैठक जमते, तिच्याकडे वळू नका. सुरुवातीच्या घरांत वाजवा आणि घरी परता. इच्छा अनावर झाली तर त्याच क्षणी तो नंबर लावा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. तो माणूस रागावणार नाही, त्यानेही असे फोन केलेले असतात.

बायकोचा विश्वास आज मागू नका, तिला वेळ द्या. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. तुम्ही यावं की न यावं याच्याशी त्यांचा संबंध नाही, तुमच्या आधीही ती तिथे जाऊ शकते. एएला फोन कराल तेव्हा त्यांची माहिती विचारून घ्या आणि कागदावर लिहून तिच्या हाती द्या. जायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.