वाचक विचारतात : सकाळी बसलेलं लॉकिंग दुपारी का सुटतं?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत १० गिगाहर्ट्झचा ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर (प्रकाश आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद लूपमधून सिग्नल निर्माण करणारं यंत्र) आहे. लूपमध्ये ४ किलोमीटर फायबर आहे. सिग्नल जनरेटरमधून लूपमधल्या सिग्नलपेक्षा ३० डेसिबल खालचं इंजेक्शन (बाहेरचा सिग्नल) देतो, म्हणजे ऑसिलेटरनं जनरेटरची फ्रिक्वेन्सी धरून ठेवावी; हेच लॉकिंग. सकाळी लॉकिंग बसतं, अकरा वाजले की सुटतं. जनरेटर बदलावा का?
– एक प्राध्यापक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जनरेटर बदलू नका, फायबर तापतोय. ४ किलोमीटर पार करायला प्रकाशाला सुमारे १९.६ मायक्रोसेकंद लागतात. अभियंता रॉबर्ट ॲडलर यांच्या १९४६च्या सूत्रानुसार लॉक रेंज (लॉकिंग टिकतं तेवढा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) काढायला १ ला २π गुणिले विलंबानं भागायचं आणि आलेल्या उत्तराला इंजेक्शन व लूपमधल्या पॉवरच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानं गुणायचं. तुमच्याकडे ८.१ किलोहर्ट्झ गुणिले ०.०३२, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम २६० हर्ट्झ. उलट साधा सिंगल-मोड फायबर एक अंश सेल्सियसनं तापला की विलंब दशलक्षात सुमारे ७ भाग वाढतो आणि १० गिगाहर्ट्झवर फ्रिक्वेन्सी ७० किलोहर्ट्झ खाली सरकते. अंशाचा अडीचशेवा हिस्सासुद्धा इथे जड जातो. आपल्याकडे तर सकाळ ते दुपार पारा दहा-पंधरा अंश चढतो.

इंजेक्शन वाढवायचा मोह होईल. १० डेसिबलनं वाढवलं तर रेंज तिपटीहून थोडी जास्त होते, पण त्या रेंजच्या आत फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली बारीक थरथर) जनरेटरचा दिसतो. लांब फायबर घालून मिळवलेली शुद्धता अशी घालवू नये.

आधी फायबरचा स्पूल (रीळ) पेटीत घाला. स्पूल ॲल्युमिनियमच्या पाट्याला घट्ट बसवा, पाट्याखाली हीटर, पाट्यालाच थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोध), बाहेरून दोन इंच थर्माकोल. हीटर फक्त तापवू शकतो, म्हणून सेटिंग खोलीच्या कमाल तापमानाच्या वर हवं. खोली ४५ अंशांपर्यंत जात असेल तर ५० ठेवा. स्पूल सावकाश मुरतो, तीन-चार तास द्या. कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नका, त्याची थरथर फायबरला लागते. वीज गेली-आली तर लेझरचं तापमान स्थिर होईपर्यंत काही जुळवू नका.

पेटीनंतर उरलेलं सरकणं फेज शिफ्टरनं (सिग्नलची फेज मागेपुढे करणाऱ्या भागानं) भरून काढा. ऑसिलेटर आणि जनरेटरचे सिग्नल मिक्सरला (दोघांच्या फेजमधला फरक दाखवणाऱ्या भागाला) द्या. मिक्सरचा डीसी इंटिग्रेटरमधून लूपमधल्या व्होल्टेज-कंट्रोल्ड फेज शिफ्टरला द्या. काही हर्ट्झचा वेग पुरतो. ३६० अंशांचा शिफ्टर म्हणजे ५१ किलोहर्ट्झ, दोन मोडमधलं (लूप चालू शकतो अशा शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींमधलं) अंतर. तापमानात जेमतेम ०.७ अंश. म्हणूनच पेटीशिवाय नुसता शिफ्टर पुरा पडत नाही.

मिक्सरचं आउटपुट स्कोपवर जरूर बघा, यातून बरंच शिकता येतं. लॉक असताना सरळ रेघ दिसते. लॉक सुटायच्या काठावर दिसणारी बीट (दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकानं होणारा चढउतार) साइनसारखी नसते : रेघ बराच वेळ जवळजवळ आडवी रेंगाळते, मग झटकन घसरते, पुन्हा रेंगाळते. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर त्याच वेळी रेषा एकाच बाजूला दाटतात. ही खूण दिसली की लॉकिंग थोडक्यात हुकतंय.

आणखी दोन गोष्टी तपासा. ३० डेसिबल लूपमध्ये शिरण्याच्या जागी मोजलेत ना? लूपमध्ये तिथे उणे १० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) असेल आणि इंजेक्शन लूपमध्ये सोडणारा कपलर १० डेसिबलचा, तर जनरेटर उणे ३० डीबीएमवर हवा. मध्ये आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवाच. दुसरं, मॉड्युलेटरचा (प्रकाशावर सिग्नल चढवणाऱ्या भागाचा) बायस, म्हणजे त्याला दिलेलं स्थिर व्होल्टेज, उष्णतेनं सरकतो. लूप उघडा, बायस फिरवत फोटोडायोडचा कमाल व किमान करंट शोधा आणि दोन्हींच्या मधोमध ठेवा. १५५० नॅनोमीटर प्रकाश दिसत नाही. लेझर चालू असताना कनेक्टरच्या टोकात डोकावू नका.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे. एवढी यंत्रं नाहीत. लॉकिंग स्वस्तात अनुभवता येईल का?
– एक विद्यार्थी, मेळघाट

उत्तर : दोन ५५५ टायमर (स्वस्त टायमर चिप) घ्या. प्रत्येकी १ किलोओहम, ६.८ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावलं की सुमारे १ किलोहर्ट्झ मिळेल. एकात ६.८ च्या जागी ४.७ किलोओहम आणि १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) घाला. दुसऱ्याच्या पिन ३ पासून १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालेत जोडून पॉटवाल्याच्या पिन ५ ला द्या. त्या पिनवरचा नेहमीचा कपॅसिटर काढा. बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, ग्राउंड एक. एकच बॅटरी वापरलीत तर सप्लायमधूनच दोघे जुळतील आणि खरं इंजेक्शन कुठलं ते कळणार नाही. दोन्ही आउटपुट प्रत्येकी १० किलोओहममधून एका छोट्या ॲम्प्लिफायरला द्या. पॉट फिरवताना वॉव-वॉव आवाज संथ होत होत एकदम थांबेल. थोडा पुढे-मागे फिरवला तरी थांबलेलाच राहील, तेवढी तुमची लॉक रेंज. १०० च्या जागी २२० किलोओहम घालून ती किती आखडते तेही मोजा.