मात्ताची सही खरी आहे का हे नंतर बघू, आधी फ्रेमवाल्याला थांबवा

मामांच्या जुन्या सामानात रंगीत एचिंग (धातूच्या प्लेटवर रेषा कोरून छापलेलं चित्र) सापडलं, खाली उजवीकडे पेन्सिलने मात्ता अशी सही, डावीकडे ३७/१०० (म्हणजे शंभर प्रतींतली सदतिसावी), माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) पिवळा पडलाय म्हणून याच आठवड्यात नवीन फ्रेमला टाकणार, आणि सही खरी आहे का, हा माणूस कोण, असं तुम्ही विचारलंय. सगळं सांगते, पण त्याआधी फ्रेमवाल्याला फोन करून थांब म्हणून सांगा. माझ्याकडेही मात्ताचंच एचिंग आहे आणि माझं जे काही नुकसान झालं ते नेमकं याच पायरीवर झालं.

(मी तज्ज्ञ नाही, जुन्या चित्रांची दुरुस्ती-जपणूक करणारी कन्झर्व्हेटर नाही, अनुभवावरून आणि वाचनावरून लिहितेय. किमतीबद्दल मी काहीच बोलणार नाही.)

दुकानाचं नाव घेत नाही. चांगलं नावाजलेलं दुकान, आणि मी कागदावर लिहून दिलं होतं की फक्त माउंट बदला, चित्राला हात लावू नका. परत आलं तेव्हा चित्र तयार फ्रेमच्या मापात बसावं म्हणून खालची आणि उजवी कड सरळ कापलेली, आणि वर गरम प्रेसखाली घालून अख्खा कागद बोर्डाला कायमचा चिकटवलेला. का केलं विचारलं तर म्हणे, कागद लाटा मारत होता, आता बघा कसा सपाट झालाय, आणि चित्र तर पूर्ण दिसतंय ना. मालकांशी बोलले, तेही तेच म्हणाले. कापलेल्या पट्ट्या तरी द्या म्हटलं, तर त्या टाकून दिलेल्या.

आता काय काय गेलं ते ऐका, म्हणजे तुमच्याकडे काय आहे ते कळेल. हाताने बनवलेल्या कागदासारखी ओबडधोबड कड होती ती गेली. उजव्या कोपऱ्यात प्रकाशकाचा शाई नसलेला, नुसता उठावाचा शिक्का होता तो गेला. वॉटरमार्कची, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणाऱ्या कागद कंपनीच्या खुणेची, अर्धी अक्षरं गेली. मागच्या बाजूला पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं ते आता बोर्डाच्या आत. आणि मला सगळ्यात लागलं ते म्हणजे प्लेटचा दाब. एचिंगमध्ये ओलसर कागद तांब्याच्या प्लेटवर ठेवून रोलरखालून काढतात ना, त्यामुळे चित्राभोवती चौकोनी खळगा उमटतो, नखाने त्याची कड चाचपता येते. तो इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. रेषांवरची शाईसुद्धा बोटाला जरा वर आलेली लागायची, तीही दबली. कन्झर्व्हेटरने बघून सांगितलं की गोंद सॉल्व्हंटने सोडवावा लागेल आणि रंग व पेन्सिल दोन्ही सुखरूप राहतील याची हमी नाही. तेव्हापासून ज्याला दाखवेन तो पहिलं वाक्य हेच बोलतो, मागची बाजू दाखवा.

तुम्ही सहीच्या मागे लागलाय म्हणून हे मुद्दाम. माझं स्पष्ट मत आहे की सही हा सगळ्यात कच्चा पुरावा. स्पॅनिश चित्रकार दालीचंच घ्या. १९७४ मध्ये अँडोराच्या सीमेवर फ्रेंच अधिकाऱ्यांनी ट्रक अडवला तर त्यात दालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद निघाले. म्हणजे सही खरी, पण वर नंतर कोण काय छापणार याचा पत्ता नाही! तिथे उलगडा होतो तो कागदावरून. आर्श आणि रीव्ह या छापचित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन्ही फ्रेंच कागदांच्या वॉटरमार्कमध्ये १९८० पासून आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह आलं, त्यामुळे तसल्या कागदावरचं चित्र कुणी १९६८ चं म्हणून दाखवलं तर विषयच संपला. पण हे कळायला वॉटरमार्क असलेली कड शिल्लक पाहिजे, आणि ती बहुतेकदा मार्जिनमध्येच असते.

आता मात्ता. रोबेर्तो मात्ता, १९११ मध्ये चिलीतल्या सांतियागोला जन्म, शिक्षण आर्किटेक्टचं, पॅरिसला ल कोर्ब्युझिएच्या ऑफिसात काम केलं, १९३७ मध्ये सर्रिअलिस्टांच्यात (स्वप्नं आणि सुप्त मनातून कला करणाऱ्यांच्या गटात) आला, १९३९ मध्ये न्यूयॉर्क. तिथे अर्शिल गॉर्की, रॉबर्ट मदरवेल या चित्रकार मंडळींवर त्याचा मोठा प्रभाव पडला. गॉर्कीच्या आत्महत्येला जबाबदार धरून १९४८ मध्ये सर्रिअलिस्टांनी मात्ताला बाहेर काढलं, १९५९ मध्ये परत घेतलं. पुढे इटलीत तार्क्विनियाला राहिला, २००२ मध्ये गेला. चित्रकार म्हणून ओळख मोठी, पण एचिंग त्याने आयुष्यभर केलं आणि मला तो तिथेच जास्त आवडतो, अर्धी माणसं अर्धी यंत्रं, आणि भोवती अक्वाटिंटचा (प्लेटवरून जलरंगासारख्या छटा छापायची पद्धत) पातळ रंग नुसता तरंगत असतो. न्यूयॉर्कला तो स्टॅन्ली हेटरच्या अटेलिए १७ या छापचित्रांच्या स्टुडिओत काम करायचा. (याच अटेलिएमध्ये पुढे पॅरिसला आपल्या कृष्ण रेड्डी आणि कायको मोती यांनी एकाच प्लेटवरून अनेक रंग छापण्याची पद्धत विकसित केली, रंगीत एचिंगची आवड असेल तर रेड्डींचं काम जरूर बघा.)

तुमच्या कामाचं म्हणजे रोलाँ सबातिएने केलेला मात्ताच्या छापचित्रांचा कॅटलॉग. त्यात १९४३ ते १९७४ पर्यंतचीच कामं आहेत, तेव्हा त्यात सापडलं नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नका, त्यानंतरही त्याने भरपूर केलंय. मोठ्या लायब्ररीत किंवा आर्ट कॉलेजात विचारा. कॅटलॉगशी ताडून बघताना माप प्लेटच्या खळग्याचं घ्या, कागदाचं नाही, आधी उंची मग रुंदी. ओला कागद सुकताना आकसतो, दोनचार मिलिमीटरचा फरक चालतो.

आणखी एक, मामांचं सामान पुन्हा नीट बघा, एखादा मोठा कापडी फोल्डर किंवा खोका आहे का. मात्ताची बरीच एचिंग्ज पोर्टफोलिओत (एकत्र काढलेल्या चित्रांच्या संचात) निघाली, आणि पोर्टफोलिओच्या शेवटच्या पानावर कुठला कागद, किती प्रती, कुणी छापलं हे सगळं असतं. ते एक पान मिळालं तर नुसत्या सहीपेक्षा कितीतरी मोठा आधार मिळेल. आणि सर्टिफिकेट करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, फ्रेम न उघडता फोटोवरून दिलेल्या सर्टिफिकेटला माझ्या मते काही अर्थ नाही.

भिंगातून ऑफसेटचे (यंत्रावरच्या साध्या छपाईचे) ठिपके बघणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते लिहीत बसत नाही.

फ्रेम उघडायचीच असेल तर कागदाचं काम करणाऱ्या कन्झर्व्हेटरकडून उघडून घ्या, जुनी टेप असेल तर स्वतः ओढू नका. नवीन माउंट आम्लमुक्त बोर्डाचा, कागद फक्त वरच्या दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगलेला, बाकी सगळा मोकळा. थोड्या लाटा राहू द्या, दमट हवेत कागद हलणारच. काच चित्राला टेकता कामा नये. आणि थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडाला की परत येत नाही.

उघडलं की इथे चार फोटो टाका: मागची पूर्ण बाजू, चारही कडा दिसतील असा पूर्ण कागद, उजेडासमोर धरून वॉटरमार्क, आणि एका बाजूने टॉर्च मारून प्लेटची कड. सहीचा क्लोजअप शेवटी टाकला तरी चालेल.